क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर: कोड आल्यावर नवा भाग मागवण्याआधी करायची तपासणी

गाडीचा सेल्फ जोमात फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, दिवे लख्ख लागतात, तरी इंजिन सुरू होत नाही. स्कॅनर लावल्यावर पडद्यावर पी०३३५ हा कोड येतो आणि त्यापुढे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचे नाव दिसते. अशा वेळी नव्या कारागिराचा हात आधी फोनकडे जातो आणि पार्टच्या दुकानातून सेन्सर मागवला जातो. तो बसवून गाडी सुरू झाली तर प्रश्न मिटतो. पण झाली नाही, तर एकदा बसवलेला इलेक्ट्रिकचा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही आणि त्या पैशांवरून ग्राहकाशी वाद सुरू होतो. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: हा कोड सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतो, सेन्सर खराब झाल्याचा निकाल देत नाही. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशाच त्याच्या वायरी, कपलर, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी जोडणी), समोर फिरणारी दातेरी चकती आणि पलीकडच्या टोकाचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकही येतो, आणि यांपैकी कोणाचाही दोष त्याच कोडच्या रूपाने पडद्यावर येऊ शकतो.

साताऱ्यात गोडोलीत, एमआयडीसीच्या रस्त्याला किंवा महामार्गालगतच्या गॅरेजांत नुकतेच काम शिकू लागलेले तरुण, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड करणारे विद्यार्थी आणि आपल्या गाडीचे नेमके काय बिघडले हे समजून घेऊ इच्छिणारे गाडीमालक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. साधने फार लागत नाहीत. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, स्कॅनर किंवा मोबाईलला ब्लूटूथने जोडले जाणारे साधे ओबीडी यंत्र (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये बसणारे), टॉर्च आणि त्या मॉडेलच्या वायरिंगची आकृती एवढ्यावर बहुतेक काम होते. यांतली आकृतीच लोक सर्वात जास्त टाळतात आणि नंतर तिच्यावाचूनच सर्वात जास्त अडतात.

दोन सेन्सर कशासाठी लागतात

फोर-स्ट्रोक इंजिनात सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि एक्झॉस्ट हे चार स्ट्रोक पुरे होण्यासाठी क्रँकशाफ्टला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, फिरावे लागते. तेवढ्या वेळात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच फेरा घेतो, कारण टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या वरच्या चाकाला खालच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकाला, या दोन फेऱ्यांत दोनदा येतो: एकदा कॉम्प्रेशन संपताना, जेव्हा ठिणगी पडायला हवी, आणि एकदा एक्झॉस्ट संपताना, जेव्हा ठिणगीचा काही उपयोग नसतो. क्रँकच्या बाजूने पाहिले तर या दोन्ही वेळा अगदी सारख्या दिसतात. घड्याळात सात वाजलेले दिसतात, पण ते सकाळचे की संध्याकाळचे हे बाहेर डोकावल्याशिवाय कळत नाही, तसाच हा प्रकार आहे; क्रँक सेन्सर सात वाजल्याचे सांगतो आणि कॅम सेन्सर ते सकाळचे की संध्याकाळचे हे सांगतो.

एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. क्रँक सेन्सरवरून ईसीएमला एवढेच कळते की या दोघांपैकी एक जण कॉम्प्रेशनवर आहे. कोणता, ते कॅम सेन्सर सांगतो, आणि मगच प्रत्येक इंजेक्टर आपापल्या वेळी उघडता येतो व प्रत्येक कॉइल आपापल्या वेळी पेटवता येते. इंजिनाचा वेग आणि नेमका कोन या दोन्हींसाठी मात्र ईसीएम क्रँक सेन्सरवरच विसंबतो, कारण चेन आणि तिच्या ताणामुळे कॅमच्या मापात थोडी ढिलाई राहतेच. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग चालू गाडीत बदलण्याची सोय असते, तिथे कॅम सेन्सरला आणखी एक काम असते: कॅम सांगितल्याइतका पुढे-मागे सरकला का, हे तोच ईसीएमला कळवतो. अशा इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्ही कॅमना वेगवेगळे सेन्सर असू शकतात, तेव्हा कोणत्या बाजूचा कोड आहे हे नीट वाचावे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ठिणगीची वेळ आणि सिलिंडरची पाळी या दोन्ही गोष्टी कॅमच्या वेगाने फिरणारा डिस्ट्रिब्युटर एकटा सांभाळत असे. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली, इंजिने आली आणि हे काम हळूहळू सेन्सर व ईसीएमकडे गेले. कॉमन रेल डिझेलमध्ये (जिथे एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जाते) ठिणगीचा प्रश्न नसला तरी इंजेक्शनची वेळ याच दोन सेन्सरांवरून ठरते, म्हणून पुढची बहुतेक तपासणी डिझेल गाडीलाही लागू पडते.

चकतीवरचे दात आणि गाळलेली जागा

क्रँकशाफ्टला जोडलेल्या दातेरी चकतीसमोर सेन्सरचे टोक असते आणि दोघांमध्ये अर्धा ते दीड मिलिमीटरच्या आसपास फट असते. पुष्कळ गाड्यांत या चकतीवर ६० दातांची जागा आखलेली असते, पण दात ५८ च असतात. दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाताची जागा ६ अंशांची. सारख्या अंतराने दात जात असताना मध्येच मोठी पोकळी आली की ईसीएम ओळखतो की एक फेरा झाला, आणि ही पोकळी पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीपासून किती अंशांवर आहे हे कंपनीने त्याच्या स्मृतीत आधीच भरलेले असते. पुढचे सगळे कोन तो दात मोजून काढतो. फोर्डच्या अनेक इंजिनांत ६० ऐवजी ३६ जागा आणि एक गाळलेला दात अशी रचना आहे, तिथे एक दात १० अंशांचा होतो.

६० जागांच्या चकतीची एक सोय नव्या कारागिराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ते सेकंदाला ५० फेरे घेते आणि ५० गुणिले ६० म्हणजे पुन्हा ३००० च. म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा आणि सेकंदाला समोरून जाणाऱ्या जागांचा आकडा एकच असतो. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून सिग्नल मोजला तर दोन दात गाळलेले असल्यामुळे आकडा थोडा कमी येतो. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला तो साधारण ७७० च्या आसपास दिसायला हवा. मीटर १५०० दाखवत असेल किंवा आकडा सतत उड्या मारत असेल, तर सिग्नलमध्ये बाहेरचा विद्युत गोंधळ मिसळतो आहे किंवा चकती दुखावली आहे असा संशय घ्यावा.

३००० फेऱ्यांना एक दात जायला सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो, आणि ईसीएम हा वेळ प्रत्येक दाताला मोजत असतो. एखाद्या सिलिंडरमध्ये जळण झाले नाही तर त्या पाळीला क्रँक किंचित मंदावतो. तेवढ्यावरून ईसीएम मिसफायरचा कोड देतो. म्हणूनच चकतीचा एखादा दात वाकला असेल तर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर ठणठणीत असतानाही मिसफायरचा कोड येऊ शकतो, आणि प्लग बदलत बसलेल्या माणसाला दोष सापडतच नाही.

सेन्सरच्या दोन जाती

पहिली जात मॅग्नेटिक पिकअपची. तिच्यात एक कायम चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. लोखंडी दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि गुंडाळीत व्होल्टेज तयार होते. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व तेच. या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही. त्याला दोन वायरी असतात, आणि काही गाड्यांत गोंधळ अडवणाऱ्या जाळीसाठी तिसरी पिन असते. त्याचे व्होल्टेज एसी असते आणि वेगाबरोबर वाढते, म्हणजे सेल्फवर इंजिन हळू फिरताना ते सर्वात क्षीण असते. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर हा सेन्सर निकामी वाटतो तो यामुळेच. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करू नये, कारण सिग्नल उलटा झाला की ईसीएमची शून्य ओळखण्याची जागा सरकते आणि गाडी सुरू झाली तरी टायमिंग बिघडते.

दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो आणि आतल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला वीजपुरवठा लागतो, म्हणून त्याला तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. त्याचा सिग्नल चौकोनी असतो, म्हणजे शून्याजवळ किंवा पूर्ण व्होल्टेजजवळ, मधले काही नाही. आणि इंजिन हळू फिरत असले तरी त्याची उंची कमी होत नाही. कॅमला बहुतेक ठिकाणी याच जातीचा सेन्सर असतो. काही इंजिनांत क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवरच चुंबकित रबरी कडे बसवलेले असते आणि त्याला दात दिसतच नाहीत. अशा कड्याजवळ चुंबकाचा स्टँड किंवा चुंबकी स्क्रू-ड्रायव्हर नेऊ नये.

तीन पिना दिसल्या म्हणून सेन्सर हॉलचाच आहे असे गृहीत धरू नये. आकृती पाहावी. या दोन जातींची तपासणी अगदी वेगळी आहे, आणि हॉल सेन्सरवर मीटरचा ओहमचा, म्हणजे रोध मोजण्याचा, मोड लावून काही कळत तर नाहीच, उलट आतले सर्किट दुखावण्याची शक्यता असते.

कोणता सेन्सर गेला तर गाडी कशी वागते

क्रँक सेन्सरचा सिग्नल पूर्ण बंद झाला तर बहुतेक गाड्या सुरू होत नाहीत किंवा चालता चालता बंद पडतात. त्यासोबत टॅकोमीटरचा काटा सेल्फ मारताना हलत नाही, हीही एक खूण आहे. इथे पेट्रोल पंपाचा एक फसवा प्रकार घडतो. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. पुढे इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला तरच ईसीएम त्याला चालू ठेवतो, कारण अपघातात इंजिन थांबले तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये अशी ती सोय आहे. क्रँकचा सिग्नल नसेल तर सेल्फ मारताना पंप बंदच राहतो, आणि नवा माणूस पंप गेला असे समजून टाकी उतरवायला घेतो. ठिणगी नाही, इंजेक्टर नाही आणि पंपही नाही असे तिन्ही एकदम दिसले, तर या तिघांचा मालक जो सिग्नल आहे, तिकडे आधी पाहावे.

कॅम सेन्सर गेल्यावर चित्र कमी स्पष्ट असते. इंजिन चालू असताना तो गेला तर अनेक गाड्या क्रँकच्या सिग्नलवर चालत राहतात, कारण कोणता सिलिंडर कुठे आहे हे ईसीएमला तोपर्यंत ठाऊक झालेले असते. बंद करून पुन्हा सुरू करताना मात्र सेल्फ लांबतो, कारण ईसीएमला अंदाज करून पाहावा लागतो. काही मॉडेल सुरू होतच नाहीत. ओढ कमी होणे, पेट्रोल जास्त लागणे, वेग एका मर्यादेपुढे न जाणे ही लक्षणेही दिसतात, पण त्यांची कारणे इतर अनेक असतात, तेव्हा केवळ त्यावरून कॅम सेन्सरचे नाव घेऊ नये.

आता तापल्यावर बंद पडणारी गाडी. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढून किंवा वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत पोहोचल्यावर गाडी बंद पडली, अर्धा तास थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली, आणि गॅरेजमध्ये आणेपर्यंत एकदाही त्रास दिला नाही, ही तक्रार आपल्या भागात वारंवार येते. मॅग्नेटिक पिकअपच्या गुंडाळीतली केसासारखी तार एखाद्या ठिकाणी तुटलेली असते. गार असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकून राहतात, तापल्यावर सेन्सरचे शरीर फुगते आणि ती सुटतात. हॉल सेन्सरच्या आतले सर्किटही उष्णतेने असेच दगा देते. असा दोष गार सेन्सर मोजून कधीच सापडत नाही.

घाटात इंजिन बंद पडले तर घाबरून ब्रेक वारंवार दाबून सोडू नये, हे ग्राहकाला अवश्य सांगावे. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम साठलेला असतो. त्यानंतर पेडल कडक होते, आणि स्टिअरिंगही जड झालेले असते. एकदाच दाबून धरून गाडी कडेला घ्यावी आणि हँडब्रेक ओढावा.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी विचारपूस. गाडी गार असताना बंद पडते की तापल्यावर, पावसानंतर की धुतल्यावर, आणि त्याआधी कोणते काम झाले होते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बॉनेट उघडू नये. क्लचचे काम झाल्यानंतर आठवड्याभरात क्रँक सेन्सरचा कोड आला असेल तर माझा संशय सेन्सरवर शेवटी जातो: गिअरबॉक्स उतरवताना फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरची वायर ताणली गेली आहे का, टोक घासले आहे का, चकतीचा दात वाकला आहे का, हे आधी पाहतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचीही अशीच विचारपूस करावी. काही किटमध्ये टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगीची वेळ पुढे आणणारा भाग) असतो आणि तो बसवताना क्रँक सेन्सरच्या वायरी कापून मध्ये जोड दिलेला असतो; तो जोड नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला असेल, तर दोष सापडला असे समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी, तिची टोके आणि इंजिनाचा अर्थ दुरुस्त करून मगच पुढे जावे.

तिसरी पायरी स्कॅनर. कोड लिहून घ्यावेत, लगेच पुसू नयेत, आणि कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती, म्हणजे दोष आला तेव्हाचे तापमान व वेग, तीही उतरवून घ्यावी. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटचा दोष, पी०३३६ म्हणजे सिग्नल येतो पण अपेक्षेप्रमाणे नाही, पी०३३९ म्हणजे अधूनमधून तुटतो. कॅमसाठी हेच क्रमाने पी०३४०, पी०३४१ आणि पी०३४४. यांतला पी०३३६ किंवा पी०३४१ आला तर सेन्सरपेक्षा चकती, फट आणि वायरीतला गोंधळ यांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण सिग्नल मुळात येतो आहे.

पी००१६ हा कोड वेगळा ठेवावा. क्रँक आणि कॅम यांचे एकमेकांशी असलेले नाते जुळत नाही एवढेच तो सांगतो, आणि दोन्ही सेन्सर खरे बोलत असतानाही तो येतो. ताणलेली टायमिंग चेन, एक दात चुकवून बसवलेला बेल्ट, सैल टेन्शनर, अडकलेला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह (कॅम पुढे-मागे सरकवण्यासाठी ऑइल सोडणारा) किंवा नुसते कमी झालेले काळे ऑइल ही त्याची नेहमीची कारणे आहेत. या कोडवर सेन्सर बदलणे म्हणजे साक्षीदाराला शिक्षा करणे होय. आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहावे, ते खर्चाचे काम नाही.

यानंतर स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे, उघडून सेल्फ मारावा. इंजिनाचा वेग साधारण १५० ते ३०० च्या दरम्यान दिसला तर क्रँकचा सिग्नल निदान त्या क्षणी ईसीएमपर्यंत पोहोचतो आहे. शून्यच राहिला तर तो कुठेतरी अडतो आहे. मात्र काही गाड्यांत हा आकडा कॅमवरूनही दाखवला जातो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

चौथी पायरी डोळ्यांची, आणि तिला सर्वात जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे. क्रँक सेन्सर पुढच्या पुलीजवळ, ब्लॉकच्या बाजूला किंवा गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर फ्लायव्हीलसमोर असतो. कॅम सेन्सर हेडच्या टोकाला किंवा वरच्या कव्हरवर असतो. वायर सेन्सरपासून मागे मागे हाताने चाचपत जावे: सायलेन्सरच्या पाईपला टेकून वितळली आहे का, ब्रॅकेटच्या धारेवर घासली आहे का, उंदराने कुरतडली आहे का. पावसाळ्यात उबेसाठी इंजिनाच्या कव्हरखाली बसणारे उंदीर हा विनोदाचा विषय नाही. कव्हरखाली लेंड्या किंवा धान्याची टरफले दिसली की वायरिंगचा इंच न् इंच पाहावा. कपलर सोडवून पिना टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. पिनांवर ऑइल असेल तर सेन्सरची ओ-रिंग किंवा खुद्द सेन्सरच आतून गळतो आहे; हिरवट बुरशी असेल तर पाणी शिरलेले आहे. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या सांगलीकडच्या गाड्या विकत घेताना ही हिरवी बुरशी मुद्दाम शोधावी.

पाचवी पायरी मीटरची. मॅग्नेटिक पिकअप असेल तर कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजावा. बऱ्याच सेन्सरांचे माप काही शे ओहमपासून हजार-दीड हजारापर्यंत असते. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्यावा. अनंत आला तर गुंडाळी तुटली, शून्याजवळ आला तर आत शॉर्ट झाली. प्रत्येक पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र जोड दिसता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारावा. चांगल्या सेन्सरवर सहसा अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येतो.

गरम झाल्यावर सुटणाऱ्या गुंडाळीसाठी सेन्सर काढून टेबलावर घ्यावा, मीटर ओहमवर लावून ठेवावा आणि केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला हळूहळू तापवावे. तापल्यावर माप वाढणारच, त्याला दोष समजू नये: तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २५ अंशांना ९०० ओहम दाखवणारी गुंडाळी १०० अंशांना ११६० च्या आसपास दाखवेल. ही वाढ संथ आणि सलग असते. आकडा मध्येच उडी मारून अनंताला गेला आणि सेन्सर गार होताना तसाच अचानक परत आला, तर घाटातला दोष टेबलावर सापडला.

हॉल सेन्सरची तपासणी कपलर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून करावी. चावी ऑन, इंजिन बंद. पुरवठ्याच्या वायरवर आकृतीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट हवेत. अर्थच्या वायरवर बॅटरीच्या ऋण टोकाच्या तुलनेत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने सावकाश फिरवावे. सिग्नलच्या वायरवरचा आकडा शून्याजवळून वर आणि पुन्हा खाली असा उडायला हवा. तो एकाच जागी अडकला, तर कपलर काढून गाडीच्या बाजूच्या सिग्नल पिनवर व्होल्टेज पाहावे. पुष्कळ गाड्यांत हे व्होल्टेज ईसीएमच देतो आणि सेन्सर फक्त ते खाली ओढतो. तिथे काहीच आले नाही, तर वायर तुटलेली आहे किंवा ईसीएमकडून पुरवठाच नाही, आणि नवा सेन्सर बसवून काही होणार नाही.

५ व्होल्टचा पुरवठा मुळातच गायब असेल तर लगेच ईसीएमवर खापर फोडू नये. ही लाइन अनेकदा थ्रॉटल किंवा मॅप (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरबरोबर वाटून घेतलेली असते आणि त्यांपैकी एकजण शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली बसतात. मीटर लावून ठेवून त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढावेत. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींवर मुळीच लावू नये, तो ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या सर्किटला झेपणारा नसतो.

सेन्सर आणि ईसीएम यांच्यामधली वायर मोजायची असेल तर बॅटरीचे ऋण टोक काढून, दोन्हीकडचे कपलर सोडवून, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओहम पाहावा आणि पाहता पाहता वायरिंग ठिकठिकाणी हलवून बघावे. स्थिर असताना अर्धा ओहम दाखवणारी वायर हलवल्यावर अनंताला जाते, हे दृश्य नवे नाही.

काढणे आणि बसवणे

दोष सेन्सरचाच ठरला, तर इंजिन गार होऊ द्यावे आणि बॅटरीचे ऋण टोक काढावे. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. बहुतेक सेन्सर एकाच लहान बोल्टवर असतात. बोल्ट काढल्यावर सेन्सर डावी-उजवीकडे घोळवत बाहेर घ्यावा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटला तर प्लास्टिक तुटते आणि टोक भोकात अडकते. बाहेर आलेल्या टोकावर लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटलेला असेल तर तो पुसून सेन्सर पुन्हा बसवून पाहावा, कारण एवढ्या किसानेही सिग्नल बिघडतो. पण तो कीस कुठून आला याचा शोध घेतल्याशिवाय काम संपले असे मानू नये. भोकातून टॉर्च मारून, कुणाला तरी पुली हाताने फिरवायला सांगून, चकतीचे सगळे दात एकदा नजरेखालून घालावेत.

नव्या सेन्सरचा पार्ट नंबर जुन्याशी पडताळून घ्यावा. दिसायला सारखे असलेले पण आतली जात वेगळी असलेले सेन्सर बाजारात मिळतात. स्वस्त लोकल सेन्सर आणि कंपनीचा सेन्सर यांत मी क्रँकसाठी नेहमी कंपनीचा सुचवतो. कॅमसाठी ग्राहकाची ऐपत पाहून बोलता येते, कारण तिथे फसवणूक झाली तरी गाडी घाटात मध्येच थांबण्याची शक्यता कमी असते. बसण्याची जागा कापडाने स्वच्छ करावी, ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि सेन्सर हाताने पूर्ण बसवूनच बोल्ट आवळावा. बोल्टने ओढून बसवला तर सेन्सरचा कान तडकतो. या लहान बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. वायर मूळच्या सगळ्या क्लिपांमधून न्यावी. एक क्लिप सोडली तर दोन-चार महिन्यांत तीच गाडी तोच कोड घेऊन परत येते.

काम झाल्यावर

कोड पुसावेत आणि लाइव्ह डेटावर सेल्फ मारतानाचा वेग पुन्हा पाहावा. काही मॉडेलमध्ये क्रँक सेन्सर किंवा फ्लायव्हील बदलल्यावर चकतीच्या बारीकसारीक फरकांची नोंद ईसीएमला नव्याने शिकवावी लागते. ती राहिली असेल तर पी०३१५ हा कोड येतो, आणि ही क्रिया मॅन्युअलप्रमाणे स्कॅनरवरूनच करायची असते.

मग गाडी चालवून पाहावी, आणि सपाट रस्त्यावर पाच मिनिटे नव्हे. यवतेश्वरच्या घाटाने वर जाऊन इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करावे आणि दहा मिनिटे तसेच थांबावे, कारण कूलंट फिरायचे थांबल्यावर इंजिनाची उष्णता आसपासच्या भागांत झिरपते आणि सेन्सरचे तापमान चालत्या गाडीपेक्षाही वर जाते. त्याच अवस्थेत पुन्हा सेल्फ मारावा. इंजिन लगेच सुरू झाले आणि स्कॅनरवर पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड एकही नसला, तर गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी. सोबत काढलेला जुना सेन्सर द्यावा आणि बिलामागे मीटरचे आकडे, म्हणजे गार असताना किती ओहम आणि तापल्यावर किती, लिहून द्यावेत.